गुडघाभर पाणी

शनिवार, दुपार

घोटा अजून ठणकतोय. तरी आजच लिहून टाकतो, नाहीतर उद्यापर्यंत डोक्यात फक्त मासा उरेल आणि माझा गाढवपणा सोयीस्करपणे विसरला जाईल.

उजाडायच्या आत नदीवर पोचलो, एकटाच. नेहमीप्रमाणे नजर थेट पलीकडच्या डोहावर. तिकडे पोचायच्या घाईत धपाधप चार पावलं टाकली, आणि अगदी पायाशी, गुडघ्यालाही न लागणाऱ्या पाण्यातून, एक तपकिरी सावली सुळकन निसटली. स्मॉलमाउथ बास, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. चांगला दांडगा. इतकी वर्षं मी किती मासे असे तुडवून पलीकडे गेलो असेन!

मुकाट्याने काठावर परत आलो, पाणी निवळू दिलं. मग प्रवाहाच्या उलट दिशेने निघालो; ढवळलेला गाळ मागे वाहून जातो आणि बासचं तोंड प्रवाहाकडे असल्याने आपण त्याच्या पाठीमागे राहतो. शेवाळलेल्या गोट्यांवर पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं, आधी काठी टेकवून. गळ लांब फेकायचा मोह आवरला. जवळच्या एका खडकामागे जोराची धार आणि संथ पाणी एकमेकांना घासत होतं, तिथेच रबरी आमिष सोडलं. अशा जागी माशाला फारसं पोहावं लागत नाही आणि खाणं आयतं समोरून वाहत येतं.

आमिष तळाशी टेकायच्या आतच दोरा बाजूला सरकला. दोनदा हवेत उडाला पठ्ठ्या. हात ओले करून खालचा ओठ अंगठ्यात धरला, पोटाखाली दुसरा हात दिला. लालसर डोळा, अंगावर उभे पट्टे, जबडा डोळ्याच्या खालीच संपलेला. त्याच्या भाऊबंदाचा, लार्जमाउथ बासचा, डोळ्याच्याही मागे जातो. आणि घशातून क्रेफिशच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शेवंडासारख्या प्राण्याच्या, दोन मिशा बाहेर आलेल्या! आधीचा घास पुरता उतरला नव्हता, तरी माझं आमिष हवंच होतं.

पाठीवरचा पर धड होता. हे मी दरवेळी बघतो. 1802 साली लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या माशाच्या गटाला मायक्रोप्टेरस, म्हणजे ‘छोटा पर’, असं नाव दिलं, कारण त्याच्याकडच्या नमुन्याचा पर मोडका होता आणि मागचा तुकडा वेगळा, चिमुकला पर वाटत होता. एकाचा पर मोडला, नाव सगळ्यांना चिकटलं.

गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबलेला असतो, त्यामुळे तो पटकन निघाला. प्रवाहाकडे तोंड करून मासा धरला, शेपटीचा फटका मारून गेला. त्या आनंदात काठी न टेकवताच वळलो. पाय दोन दगडांच्या बेचक्यात.

लंगडत परतताना त्या पहिल्या जागेपाशी मात्र थबकलो. उथळ पाण्यात पुन्हा तपकिरी सावली, माझ्याकडे पाठ करून. तोच होता की दुसरा, कोण जाणे. हात शिवशिवले. पण सगळा भार दोन्ही हातांनी काठीवर टाकलेला. गळ टाकणार कशाने?