गव्हाचं वावडं आणि इटलीची वारी

सेलिॲक म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की आतड्याला इजा होते, तो आजार. असा सेलिॲकचा माणूस इटलीला निघालाय म्हटल्यावर सोलापुरात थट्टा होणारच. "पिझ्झाच्या गावाला जाऊन काय उपास करणार व्हय?" असं मामांनी विचारलंच. पण मी पाहिलेल्या देशांत गहू न खाणाऱ्याला इटलीइतकी सोय कुठं दिसली नाही. २००५ च्या कायद्यानं तिथं सेलिॲकला सामाजिक आजार मानलंय. रुग्णांना ग्लुटेनमुक्त खाण्यासाठी सरकार दरमहा मदत देतं, त्यामुळे असा पास्ता नि ब्रेड चक्क औषधांच्या दुकानात मिळतो. पाकिटावर ओंबीवर काट मारलेलं चिन्ह शोधायचं. युरोपच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही.

खरी परीक्षा हॉटेलात. इथं सोलापूरचा अनुभव कामी आला. आपल्याकडे ज्वारी घरोघरी, त्यामुळे चपाती सोडणं मला जड गेलं नाही. जड गेली ती पिठाची गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यात आपली ज्वारी! शेवटी घरघंटी घेतली. तेव्हापासून पदार्थात काय आहे यापेक्षा तो कशात शिजला, हे विचारायची सवय लागली. पास्ता मक्याचा आहे, ठीक. पण उकळायचं पाणी वेगळं आहे का? बटाटे तळलेत त्याच तेलात मैद्याचं काही सोडलंय का? तिथल्या सेलिॲक संघटनेकडे नोंदलेल्या हॉटेलांत हे प्रश्न ऐकून कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. उलट वेटर आपणहून सांगतो.

जेनोव्हात फारिनाता खाल्ला. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, एवढंच. मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त जाड आणि आतून मऊ. बायकोला शेंगाचटणीची आठवण झाली, मला कांद्याची. मात्र त्याच भट्टीत फोकाच्चा, म्हणजे गव्हाचा चपटा पाव, भाजत असतील तर पुढचं दुकान गाठायचं. मिलानचा केशरी रिसोत्तो तांदळाचा. तिथं फक्त तो ज्या सूपात शिजतो त्याच्या वडीत गहू नाही ना, एवढं विचारलं. न्योक्की बटाट्याची म्हणून बिनधास्त मागवू नका, तिच्यात मैदा असतो.

सगळ्यात धोक्याची जागा कुठली, तर भारतीय हॉटेल. डाळभात म्हणजे घरचंच, असं वाटतं. पण डाळीच्या फोडणीत बांधणी हिंग, आणि त्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं. एका ठिकाणी मी स्वयंपाक्याला डबी दाखवायला सांगितली. तो आपलाच, बार्शीकडचा निघाला. त्यानं घटक वाचले, मान हलवली आणि म्हणाला, "दादा, तुम्ही शेजारच्या पिझ्झावाल्याकडं जावा. ग्लुटेनमुक्त पिझ्झाची त्याची भट्टी वेगळीय."

गेलो. पिझ्झा उत्तम होता.