आमची वाटचाल : दोन खुर्च्या आणि एक वही

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या आमच्या ऑफिसात दोनच खुर्च्या. एकीवर मी, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत 12 वर्षं क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, काढलेला माणूस. दुसरीवर आमच्या वहिनी, लग्नाआधी मुंबईत स्पॅनिश शिकलेल्या. स्पॅनिशमधली रसायनांची कागदपत्रं इंग्रजीत करून देणं हा आमचा धंदा. बाजारात विचाराल तर "झेरॉक्सच्या शेजारचे टायपिंगवाले" असंच सांगतील.

सुरुवात उपकारापोटी झाली. लोट्यातल्या एका ओळखीच्याकडे स्पेनहून कुठल्याशा औषधाची चाचणीपद्धत आली होती, जेमतेम चार पानं. वहिनींनी रात्री बसून इंग्रजी केलं, मी नजर फिरवली, तीही घाईत. 'दिसोलुसिओन' हा शब्द 11 वेळा होता. आम्ही अकराही वेळा 'डिझोल्यूशन' लिहून मोकळे. दुसऱ्या दिवशी फोन : "कॉस्टिक सोड्याचं डिझोल्यूशन तयार करा म्हणजे नक्की काय करू?" इंग्रजीत डिझोल्यूशन म्हणजे विरघळण्याची क्रिया, औषध कंपनीत तर गोळी किती वेळात किती विरघळते ती टेस्ट. बाटलीत भरून लेबल लावतात ते सोल्यूशन. स्पॅनिशला दोन्हींसाठी दिसोलुसिओन चालतं. त्याच चार पानांत एके ठिकाणी खरोखरच गोळीची टेस्ट होती, त्यामुळे सरसकट फाइंड-रिप्लेस मारायचीही सोय नव्हती. (कंपनी गुंडाळण्यालाही स्पॅनिशमध्ये हाच शब्द आहे. आमची ती वेळ पहिल्याच कामात यायची.)

मग वहिनींनी वही घातली. शब्दापुढे इंग्रजी अर्थ नंतर, आधी घरातलं उदाहरण. आमटीत मीठ विरघळतं ते 'दिसोल्वेर'. आगळात पाणी वाढवलं की 'दिलुइर'. थंडीत थिजलेलं खोबरेल उन्हात ठेवलं की 'देर्रेतिर'. 'देसलेइर'वर मात्र मी अडलो, कारण कोश त्यालाही विरघळवणंच म्हणतो. "भाऊजी, आंबिलीला नाचणीचं पीठ पाण्यात कालवते ना, तसं." बरोबर होतं. पीठ विरघळत नाही, थोडा वेळ ठेवलं तर तळाशी बसतं. तिथे डिझॉल्व्ह लिहिलं तर लॅबमधला पोरगा पाणी नितळ व्हायची वाट बघत ढवळत बसेल.

'आफोरार'ला कोशात मापणं, अंदाज घेणं असलं काहीबाही मिळतं. लोट्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये याला 'व्हॉल्यूम मेकअप' म्हणतात : पदार्थ थोड्या पाण्यात विरघळवायचा, मग फ्लास्कच्या मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. एक लिटर पाणी ओतणं वेगळं आणि एक लिटरपर्यंत भरणं वेगळं, हे पटवायला मला वहिनींसमोर तपेलं आणि साखर घेऊन बसावं लागलं होतं.

'पोको सोलुब्ले'ला आम्ही आकड्याशिवाय हात लावत नाही. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, एक भाग पदार्थाला 30 ते 100 भाग द्रावक लागलं तर स्पेअरिंगली सोल्युबल, 100 ते 1000 लागलं तर स्लाइटली. मराठीत दोन्ही 'थोडं विरघळतं'च, पण बॅच नापास व्हायला एवढा फरक पुरतो. आकड्यांचंही एक आहे. स्पेनच्या कागदावर 1,500 ग्रॅम म्हणजे दीड ग्रॅम, आपण वाचणार दीड किलो. मेक्सिकोचा कागद असला तर तिथे बहुधा आपल्यासारखाच दशांश टिंब. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, कागद कुठल्या देशाचा? दराची बोलणी त्यानंतर.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा ऑफिस तळमजल्यावर होतं. कॉम्प्युटर गेला, दोन जाडजूड कोशांचा लगदा झाला. वही चिखलातून निघाली. वहिनींचं बॉलपेनचं अक्षर जवळजवळ सगळं शाबूत होतं, कारण ती शाई तेलकट, पाण्याला दाद देत नाही. माझ्या दुरुस्त्या शाईपेनाच्या, हौसेने केलेल्या. तिथे नुसते निळे डाग. आता ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, वही कॉम्प्युटरवर चढवली आहे आणि त्या डागांखाली काय लिहिलं होतं ते मी अजून आठवून आठवून भरतोय. परवा एक लागला, 'एन्रासार' : खुणेपर्यंत भरणे.