खुजेपणा : मागच्या वेळची ५.२ ची उडी रद्द

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी, म्हणजे एनएफएचएस-४ (२०१५-१६) ते एनएफएचएस-५ (२०१९-२१) या काळात महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा (वयाच्या मानाने उंची फार कमी) ३४.४ वरून ३९.६ टक्क्यांवर गेला आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) नगण्य आहे. ते खोडा. ३९.६ हा झारखंडचा आकडा आहे!

घोळ सर्वेक्षणाच्या डेटा फायलीतल्या एचव्ही०२४ या राज्याच्या रकान्यात. चौथ्या फेरीत राज्यांचे क्रमांक इंग्रजी वर्णक्रमाने, म्हणून महाराष्ट्र २०. पाचव्या फेरीत जनगणनेचे कोड, महाराष्ट्र २७. आणि २० म्हणजे झारखंड. दोन्ही फायली जोडून २० वर गाळलं (म्हणजे फक्त २० क्रमांकाच्या ओळी ठेवल्या) तर एरर येत नाही, नमुनाही भरपूर दिसतो, आकडाही पटतो. फाइलची सीएसव्ही (साधा मजकूर-तक्ता) केली की कोडांना जोडलेली राज्यांच्या नावांची लेबलं गळतात, तिथेच फसगत. यापुढे मूळ फाइल 'आर' या संख्याशास्त्रीय प्रणालीत 'हेवन' पॅकेजने उघडायची आणि राज्य नावानेच गाळायचं. एक्सेलच्या वाटेला जाऊच नका.

गाळणी सुधारल्यावर ३५.२. अहवालाशी दशांशापर्यंत जुळलं! त्यासाठी केआर (मुलांची) नव्हे, पीआर (घरातल्या सगळ्या सदस्यांची) फाइल लागते: एचव्ही१०३ (आदल्या रात्री घरात झोपलं होतं का) बरोबर १, एचसी७० (वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर, शंभरने गुणलेला) मधले ९९९६ पासूनचे, म्हणजे वैध मोजमाप नसलेल्यांचे कोड आधी बाहेर (नाहीतर ती मुलं 'खुजी नाहीत' मध्ये मोजली जातात आणि टक्का खाली येतो), मग उणे २०० च्या खालचे खुजे. वजन (मुलाचं नव्हे, नमुन्यातलं सांख्यिकी वजन) म्हणजे एचव्ही००५ भागिले दहा लाख.

दोन फेऱ्या जोडताना स्तर (नमुना निवडण्यासाठी केलेले गट) आणि क्लस्टर (निवडलेलं गाव किंवा वस्ती), दोन्हींच्या क्रमांकाआधी फेरीचा आकडा चिकटवा; नाहीतर २०१५ चं गाव आणि २०१९ चं भलतंच गाव एकच क्लस्टर ठरतं. राज्य गाळायचं ते आरच्या 'सर्व्हे' पॅकेजमध्ये डिझाइन (स्तर, क्लस्टर, वजन यांची मांडणी) बांधल्यानंतर.

आता फरक उरला ०.८. दोन्ही फेऱ्यांची प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे आकड्यात येणारी अनिश्चितता) ०.८ धरली तरी फरकाची १.१३ होते, झेड (फरक भागिले त्याची त्रुटी; ठाम म्हणायला साधारण १.९६ हवा) ०.७. म्हणजे 'वाढला' म्हणायला आधार नाही. 'घटला नाही' एवढंही ठाम म्हणू नये.

पुढे जिल्हावार करायचं ठरलं होतं, पण ३५ चाचण्यांत ५ टक्क्यांच्या पातळीवर एक-दोन जिल्हे निव्वळ योगायोगानेच चमकणार. त्यात पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून फुटला. चौथ्या फेरीचं ठाणे आणि पाचव्या फेरीचं ठाणे एक नव्हे. त्यापेक्षा आधी तीव्र लुकडेपणा (उंचीच्या मानाने वजन फारच कमी) घेऊ: ९.४ वरून १०.९. त्रुटी ०.५-०.५ असेल तर दोन्ही आकड्यांचे ९५ टक्के विश्वासाचे पट्टे एकमेकांवर चढतात, तरी झेड २.१ येतो. पट्टे बघून निकाल देणाऱ्यांसाठी हा नमुना राखून ठेवलाय. जिल्हे नंतर, ठाणे-पालघर एकत्र करून.