भाजीखालची बाटली

"काढ्याचं डॉक्टरास्नी सांगू नकोस, वरडतील." दवाखान्याच्या दारातच आईनं बाटली पिशवीत मेथीच्या जुडीखाली सरकवली.

आबांना अर्धांगवायू होऊन तीन महिने झाले. तालमीत घुमलेला माणूस, आता उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडताना घामाघूम होतो. संध्याकाळी कोमट महानारायण तेलानं मालिश झाली की आवळलेली मूठ जरा सैल पडते. ते फिजिओथेरपीच्या मॅडमना ठाऊक आहे, त्यांची ना नाही.

पण काढा पोटात जातो. रक्त पातळ करायची गोळीही तिथंच जाते. वैद्यांना गोळी माहीत नाही, डॉक्टरांना काढा.

मी बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी फिरवून बघितली. लेबलच नव्हतं. ओरडले मात्र नाहीत. "यात काय काय आहे, वैद्यांकडनं लिहून आणा," एवढंच.

आई रंकाळा येईपर्यंत रिक्षात बोलली नाही.

तुम्ही सांगता का ओ डॉक्टरांना?