कॅल्साइट घासायचा तर घाई नको

कोल्हापूरच्या आसपासच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत पांढरा, दुधी कॅल्साइट भेटतो. तो गारगोटीसारखा दिसतो, पण खनिजांच्या कठिणतेच्या १ ते १० मोह्स मापावर गारगोटी ७ आणि हा फक्त ३. पोलादी चाकूने ओढून बघा: ओरखडा उठला तर मऊ. लिंबाच्या रसाने बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइटच.

दगड पावडर-पाण्यात घोळवून गुळगुळीत करायचा फिरता ड्रम असतो; दोन्ही एकाच ड्रममध्ये कधीही टाकू नका. गारगोटी कॅल्साइटला खाऊन टाकते.

कॅल्साइट तीन दिशांना सरळ फुटतो, म्हणून सगळा खेळ आदळणं कमी करण्याचा. ड्रम तीन चतुर्थांश भरा, त्यातला निम्मा भाग प्लॅस्टिकच्या गोळ्या. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खालीच. ड्रम कमी भरला तर दगड उंचावरून पडतात आणि कडांवर चंद्रकोरीसारखे टवके उडतात. असे टवके दिसले की गोळ्या वाढवा आणि वेग कमी करा.

घासायच्या पावडरीचा नंबर जितका मोठा, तितकी ती बारीक; ६० किंवा ९० नंबरची भरड पावडर वगळाच. दीड किलोच्या ड्रमला २२० नंबरची कार्बोरंडम (सिलिकॉन कार्बाइड) दोन मोठे चमचे, तीन-चार दिवस. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायला (लॅपिंगला) लागते तीच ही पावडर, कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात विचारा. मग ५०० नंबर, आठवडाभर. रोज झाकण उघडून बघा, साठलेला वायूही निघून जातो.

पॉलिशला ॲल्युमिनियम ऑक्साइड, नव्या गोळ्यांसह. त्याआधी ड्रम, झाकण, दगडांच्या भेगा ब्रशने धुवा. ५०० चा एक कण राहिला तरी चकाकीवर रेघा येतात. धुण्याचा गाळ मोरीत ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो.