पाचशेची खूण

फुकटच्या पैशाच्या खूनकथा मी चवीनं वाचते, पण खुनासाठी नाही. बॅग सापडल्यावर दार लावून माणूस पहिल्यांदा नोटा मोजतो ना, त्या पानासाठी. १ कोटी म्हणजे पाचशेच्या २०,००० नोटा, २०० बंडलं. कच्चा लेखक हे एका ओळीत उरकतो. मुरलेला तीन पानं नुसतं लपवण्यावर घालवतो: गव्हाच्या कोठीत ठेवावं तर सासूबाई रोज हात घालतात, माळ्यावर उंदीर. खून पुढे कधीतरी होतो. दारावरची बेल वाजली की हा आधी दिवा घालवतो, तिथेच तो कामातून गेलेला असतो.

वेदब्भ जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका गोष्टीत, धनापायी कापाकापी होऊन शेवटी दोनच चोर उरतात. एक पहाऱ्याला बसतो, दुसरा भात घेऊन येतो, विष कालवून. पहारेकरी त्याला तलवारीनं उडवतो आणि तोच भात जेवतो. मागाहून आलेला बोधिसत्त्व ते धन घरी नेऊन दानधर्म करतो. (तुमचं आहे का, असं त्याला कुणी विचारत नाही!)

तर परवा बडोद्यातल्या मांडवीजवळच्या, सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेल्या आपल्या सेंट्रल लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात पान ११२ वर पाचशेची नोट निघाली. मी काय करावं? उठून खिडकी लावली. चौथ्या मजल्यावर.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "सेव-उसळ खायला जायचं का? मी देते पैसे." हे निवृत्त वकील. मी आपणहून पैसे देतेय म्हटल्यावर दोन मिनिटांत सगळं वदवून घेतलं आणि १८६० च्या दंड संहितेतलं कलम ४०३ काढलं. (आता ते न्याय संहितेत ३१४ आहे, हेही ऐकावं लागलं.) रस्त्यावर रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला: गुन्हा नाही. पत्र सापडलं, आत नोट, मजकुरावरून मालक कळला, तरी ठेवून घेतली: गुन्हा.

"मग लायब्ररीचं पुस्तक म्हणजे रस्ता की पत्र?"

"आधी कुणी नेलं होतं त्याची नोंद असेल ना तिथे? पत्रच!"

सेव-उसळीचे पैसे ह्यांनीच दिले. पुस्तक शनिवारी परत करायचंय. नोट सध्या पान १७८ वर आहे. खुणेला बरी पडते.