फुलांचा मुकुट आणि मातीचं बुडकुलं

परवा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एका कपाटापुढे पाय निघेना. आत मुठीत मावेलसं मातीचं बुडकुलं, एका बाजूला धरायला कान, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातलं. त्यावर रांगणारं उघडंनागडं बाळ आणि खांद्यावरून छातीवर आलेली त्याची ताइतांची माळ. दृष्ट लागू नये म्हणून! मला लेकीच्या मनगट्याच आठवल्या.

हे बुडकुलं अँथेस्टेरियाचं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, फुलं उमलू लागली की प्राचीन अथेन्समध्ये वाइनच्या देवाचा, दियोनिससचा, हा तीन दिवसांचा सण यायचा. पहिल्या दिवशी नव्या वाइनचे रांजण उघडायचे. दुसरा दिवस ‘खोएस’चा, म्हणजे वाइनच्या जगांचा. प्रत्येकाने आपापला सव्वातीन लिटरचा जग घेऊन, एक शब्द न बोलता प्यायचं. आईच्या हत्येचं पाप घेऊन ग्रीक पुराणातला ओरेस्टेस अथेन्सला आला, त्याला हाकलायचं नाही आणि विटाळही नको, म्हणून तिथल्या राजाने प्रत्येकाला प्यायला आपापला वेगळा जग दिला, अशी कथा. दारूचा सण म्हणून कोणी नाक मुरडू नये. त्या दिवशी गुलामही मालकांबरोबर प्यायचे. आपल्या किती सणांत गड्यांना पंगतीत बसवलं जायचं, ते आठवून पाहा.

पण माझा जीव अडकला तो मुलांत. खोएसच्या दिवशी तीन वर्षांच्या मुलांना फुलांचे मुकुट घालायचे. त्यांच्यासाठी ही छोटी बुडकुली.

आपलं बोरन्हाण मला याहून गोड वाटतं, तिथे पोर स्वतः बोरं-चुरमुरे वेचतं. आमच्या लेकीचं मात्र राहिलं. जानेवारीत इथला बाजार पालथा घातला, बोरं मिळाली नाहीत. रथसप्तमीपर्यंत चालतं हे मला ठाऊक आहे, सासूबाईंनी फोनवर दोनदा सांगितलंही. पण त्याच आठवड्यात तिला ताप होता आणि नवऱ्याची रात्रपाळी. तापल्या अंगावर मी काय ओतणार होते?

अशी बुडकुली लहान मुलांच्या थडग्यांतही सापडली आहेत. रोमन काळातल्या इथल्या एका थडग्यावर कोरलंय की पोर खोएसच्या वयाचं झालं होतं, पण दैवाने खोएसच्या आधीच गाठलं. हे वाचल्यावर मला कपाटातल्या बाळाकडे पुन्हा बघवेना.

तिसऱ्या दिवशी मृतांसाठी सगळी धान्यं एकत्र शिजवायची. मागच्या शनिवारी शेजारच्या आजींनी चर्चमधून आणलेल्या कोलिवाची पुडी दिली, मृतांच्या नावाने शिजवलेले गहू, वर साखर, बदाम, डाळिंब. लेकीने ओट्याजवळ बसून डाळिंबाचे दाणे एकेक वेचून खाल्ले.